पंचकोश : विकास करायचा की विवेक?

आबोली (धागाकर्ती)

नमस्कार. २०२२ सालच्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात ३ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी 'पंचकोश विकास' ही कल्पना आली आहे. पंचकोश म्हणजे तैत्तिरीय उपनिषदातून आलेले माणसाच्या असण्याचे पाच थर. अन्नमय म्हणजे शारीरिक विकास, प्राणमय म्हणजे प्राणिक, मनोमय म्हणजे भावनिक-मानसिक, विज्ञानमय म्हणजे बौद्धिक आणि आनंदमय म्हणजे चैत्सिक (आध्यात्मिक). वर्गाच्या भिंतीवर याचा तक्ता लावायचा आहे, शिवाय पालकसभेत दहा मिनिटांत समजावून सांगायचं आहे.

अडचण दुहेरी आहे. एक म्हणजे चित्र. जिथे बघावं तिथे एकात एक पाच वर्तुळं काढलेली असतात. आपल्या गोव्यात हरमलपासून पाळोळेपर्यंतच्या किनाऱ्यावरच्या योगवर्गांच्या पत्रकांवरही तीच. ती बरोबर आहेत का? दुसरी अडचण मोठी. विद्यारण्यांच्या पंचदशी या वेदान्तग्रंथातल्या तिसऱ्या प्रकरणाचं नाव 'पंचकोशविवेक' आहे. तिथे कोश वाढवायचे नसून 'हा मी नव्हे' असं ओळखायचं आहे. मग मुलांना काय सांगायचं, वाढवा की सोडा?

तिरफळ

वर्तुळांपेक्षा नारळ काढा. सोडण, करवंटी, खोबरं, पाणी. गोव्यातल्या मुलाला वेगळं समजवायला लागणार नाही.

खाजन

@तिरफळ चार झाले, पाचवा?

तिरफळ

पाचवा तहान भागल्यावरचा. आनंदमय. :)

वेदपाठी

नारळ गोड आहे, पण उपमा चुकते, आणि कांद्याची तर त्याहून चुकते. कारण मूळ वाक्यातच आहे.

तैत्तिरीय उपनिषदाच्या दुसऱ्या वल्लीत (ब्रह्मानंदवल्ली) आधी क्रम सांगितला आहे: आत्म्यापासून आकाश, मग वायू, अग्नी, पाणी, पृथ्वी, वनस्पती, अन्न, आणि अन्नापासून पुरुष. हा अन्नरसमय पुरुष. पुढे म्हटलं आहे की याच्याहून वेगळा, याच्या आत असलेला प्राणमय आत्मा आहे, आणि 'तेनैष पूर्णः', म्हणजे त्याने हा भरलेला आहे. प्रत्येक पायरीवर हे वाक्य पुन्हा येतं. प्राणमय हा अन्नमयाच्या आतल्या बाजूला लहान होऊन बसलेला नाही. तो नखापासून केसांच्या मुळांपर्यंत भरून आहे, आणि म्हणूनच तो 'पुरुषविध', बाहेरच्याच आकाराचा आहे. नारळात पाणी खोबऱ्यात भरलेलं नसतं, पोकळीत असतं. कांद्यात तर पापुद्रे काढत गेलं की हाती काहीच उरत नाही.

उपमा हवीच असेल तर मिठागराची घ्या. आगरातल्या पाण्यात मीठ कुठे आहे? सगळीकडे. वरून ओंजळ घ्या, तळातून घ्या, चव तीच. पाणी आटवलं तर मीठ वेगळं दिसतं, पण आटवायच्या आधीही ते तिथेच होतं.

अजून एक. या वल्लीत 'कोश' हा शब्द या पाचांना लावलेला नाही. तिथे प्रत्येकाला 'आत्मा' म्हटलं आहे. कोश, म्हणजे म्यान, हा शब्द पाचांसाठी रुळला तो पुढच्या वेदान्तग्रंथांत: पंचदशी, वेदान्तसार, तत्त्वबोध. तुमचा 'विकास की विवेक' हा प्रश्न तिथूनच निघतो. आत्मा म्हटलं की आदर येतो, म्यान म्हटलं की तलवार बाहेर काढायची घाई होते.

मांडवीकाठ

धाग्यात सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट व्हावी. पंचकोश हे 'योगदर्शनाचं मत' म्हणून सगळीकडे सांगतात, पण पतंजलीच्या योगसूत्रांच्या चारही पादांत पंचकोश नाहीत. योगदर्शन सांख्यांची मोजणी घेतं: प्रकृतीची २४ तत्त्वं, पुरुष २५वा, आणि योगात ईश्वर धरला तर २६. तिथे माणसाची विभागणी थरांत नाही. बुद्धी, अहंकार, मन, दहा इंद्रियं, पाच तन्मात्रं, पाच महाभूतं, आणि या सगळ्याकडे बघणारा पुरुष.

'यम-नियम-आसन म्हणजे अन्नमय, प्राणायाम म्हणजे प्राणमय, प्रत्याहार मनोमय, धारणा-ध्यान विज्ञानमय, समाधी आनंदमय' हा जो तक्ता शिक्षक-प्रशिक्षणाच्या वह्यांत असतो, तो अलीकडचा आहे. शिकवायला सोयीचा असेल, पण पहिलंच घर चुकलेलं आहे. अहिंसा आणि सत्य अन्नमय कसे? यम हा मनाचा आणि निर्णयाचा भाग आहे.

पारिजात

@मांडवीकाठ, थोडा विरोध नोंदवते. विज्ञानमयाचं वर्णन उपनिषदातच वाचा: श्रद्धा हे त्याचं डोकं, ऋत उजवा पंख, सत्य डावा पंख, योग हा आत्मा म्हणजे धड, आणि महः ही शेपटी. योग हा शब्द तिथे नेमका विज्ञानमयाच्या मध्यभागी बसवला आहे. तेव्हा योगाचा आणि कोशांचा संबंध मागून चिकटवलेला नाही. पतंजलींनी कोश मोजले नाहीत एवढंच.

आणि योगसूत्र १.१७ मध्ये संप्रज्ञात समाधीचे चार प्रकार येतात: वितर्क, विचार, आनंद, अस्मिता. आनंदाची अवस्था तिथेही आहे आणि तिथेही ती शेवटची नाही. रचना वेगळी, इशारा एकच.

मांडवीकाठ

मान्य. 'योग आत्मा' ही जागा माझ्या मांडणीत राहून गेली होती. शंकराचार्य तिथे योग म्हणजे समाधान, चित्त जुळवून ठेवणं, असा अर्थ घेतात. यम-नियमांचा आक्षेप मात्र कायम.

सांजवात

मराठी घरांत पंचकोशांपेक्षा चार देह जास्त ओळखीचे आहेत: स्थूल, सूक्ष्म, कारण, महाकारण. हरिपाठाला बसणाऱ्या आजींना विचारा, त्या कोश सांगणार नाहीत, देह सांगतील. त्यांना जागृती, स्वप्न, सुषुप्ती, तुर्या आणि वैखरी, मध्यमा, पश्यंती, परा अशा जोड्या लागतात. दासबोधात तर पिंडाचे हे चार आणि ब्रह्मांडाचे विराट, हिरण्यगर्भ, अव्याकृत, मूळप्रकृती असे चार धरून आठ देह मोजले आहेत. पालकसभेत आजी-आजोबा येतात. त्यांच्यासाठी ही जुळणी सांगा:

स्थूल देह = अन्नमय.
सूक्ष्म देह = प्राणमय + मनोमय + विज्ञानमय.
कारण देह = आनंदमय.
महाकारण कोशांच्या यादीत बसत नाही, ती साक्षीची जागा.

सूक्ष्म देहाचे वेदान्तसारात १७ अवयव आहेत: पाच ज्ञानेंद्रियं, पाच कर्मेंद्रियं, पाच प्राण, मन, बुद्धी. वाटणी अशी: पाच प्राण आणि कर्मेंद्रियं मिळून प्राणमय, मन आणि ज्ञानेंद्रियं मिळून मनोमय, बुद्धी आणि ज्ञानेंद्रियं मिळून विज्ञानमय. ज्ञानेंद्रियं दोन्हीकडे आहेत हे लक्षात घ्या. तोच डोळा, पण 'मला हवंय' म्हणून बघितलं की मनोमय, 'हे काय आहे' म्हणून बघितलं की विज्ञानमय.

खाजन

@सांजवात शेवटचं वाक्य तक्त्यावर घालण्यासारखं आहे.

'विज्ञानमय'खाली दुर्बीण आणि परीक्षानळी काढलेला तक्ताही पाहायला मिळतो. पालकांना आधीच सांगा की इथे विज्ञान म्हणजे सायन्स नव्हे, निश्चय करणारी बुद्धी. वेदान्तसार तिघांना तीन शक्ती देतो: विज्ञानमय ज्ञानशक्तीचा आणि कर्ता, मनोमय इच्छाशक्तीचा आणि साधन, प्राणमय क्रियाशक्तीचा आणि कार्य.

उकडे तांदूळ

अन्नमयाला सगळे 'फक्त शरीर' म्हणून झटकून पुढे जातात, म्हणून थोडं लिहितो.

छांदोग्य उपनिषदात (६.५) खाल्लेल्या अन्नाचे तीन वाटे सांगितले आहेत: जाड भाग मळ होतो, मधला मांस, सूक्ष्म भाग मन. पाण्याचे मूत्र, रक्त आणि प्राण. तेजाचे, म्हणजे तेल-तुपाचे, हाड, मज्जा आणि वाणी. मन अन्नाचं, प्राण पाण्याचा, वाणी तेजाची. पुढे श्वेतकेतूला पंधरा दिवस उपाशी ठेवून फक्त पाणी देतात. प्राण टिकतो, पण पाठ केलेले वेद आठवत नाहीत. जेवल्यावर आठवतात. कोश एकमेकांत भरलेले असतात याचा याहून सरळ प्रयोग नाही.

शाळेसाठी याचा उपयोग काय? श्वासाचे आणि शांत बसण्याचे प्रकार मधल्या सुट्टीच्या *आधी* घ्या. पोट भरल्यावर समान वायू (पाच प्राणांपैकी पचनाचा) त्या कामात गुंतलेला असतो, मुलं पेंगतात किंवा पोटात दुखतं म्हणतात. मोठ्यांनी भरपेट जेवणानंतर निदान साडेतीन-चार तास जाऊ द्यावेत. उकड्या तांदळाची पेज (वाटीला आठेक वाट्या पाणी, दाणा फुटेपर्यंत मंद आचेवर) घेतली असेल तर दोन तास पुरतात. पण पेजेबरोबर तळलेला बांगडा असेल तर हिशेब पुन्हा चारवर.

श्वासमोजणी

प्राणमयाबद्दल. ठिकाणं आधी: प्राण छातीत, अपान बेंबीखाली, समान बेंबीपाशी, उदान कंठात, व्यान सर्वांगात.

मोठ्यांसाठी नाडीशोधन (आळीपाळीने एकेका नाकपुडीने श्वास) असं चढवा. पहिले तीन-चार आठवडे श्वास न रोखता, ४ अंक आत, ४ बाहेर, नऊ आवर्तनं. मग ४ आत, ६ बाहेर. मग ४ आत, ८ बाहेर. हे कित्येक महिने पुरतं. १:४:२ (आत : रोखणं : बाहेर) हे प्रमाण पुस्तकात दिसतं म्हणून लोक दुसऱ्या आठवड्यात ४:१६:८ करायला जातात आणि तिथेच बिघडतं. ओळखायचं कसं: रोखल्यानंतरचा रेचक (सोडलेला श्वास) फसकन बाहेर पडला तर अंक जास्त झाले. जबडा आणि खांदे आवळले तरी तेच. हठप्रदीपिका हा हठयोगाचा ग्रंथ (२.१५) सांगतो की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू माणसाळतात तसा वायू, नाहीतर तो साधकालाच मारतो. पुढच्याच श्लोकात चुकीच्या अभ्यासाने सगळे रोग उद्भवतात असं आहे. रक्तदाब, हृदयाचा त्रास किंवा गर्भारपण असेल तर श्वास रोखणं नकोच.

आपल्या हवेत दोन गोष्टी जास्त. एप्रिल-मेच्या दमटपणात घाम सुकत नाही, त्यामुळे भस्त्रिका आणि कपालभाती हे जोरकस श्वासाचे प्रकार पहाटे, आवर्तनं निम्मी. आणि लगेच पंख्याखाली बसू नका. हठप्रदीपिका तर श्रमाचा घाम अंगालाच चोळायला सांगते. शीतली (जिभेची नळी करून घेतलेला गार श्वास) उन्हाळ्यात चांगली, पण जून-जुलैच्या पावसात सर्दी-कफाच्या माणसाने टाळावी.

वाळूवर आसनं करणाऱ्यांसाठी: ओहोटीची घट्ट, सपाट वाळू घ्या. उतारावर एक नितंब खाली जातो, कणा वाकडा होतो, आणि मग 'डावी नाकपुडी बंद वाटते' अशी तक्रार येते.

मुलांना श्वास रोखायला अजिबात सांगू नका. पोटावर हलकं खेळणं ठेवून ते वर-खाली होताना बघणं, आणि भ्रामरी (भुंग्यासारखा गुंजारव करत श्वास सोडणं) पाच वेळा. पुरे.

तिरफळ

भ्रामरी वीस मुलांनी एकदम केली की वर्गात मधाचं पोळं. सोमवारी सकाळी शाळेत यावंसं वाटेल.

पारिजात

मनोमय बिघडला की खाली काय होतं हे योगवासिष्ठात फार नेमकं आहे (निर्वाणप्रकरण, पूर्वार्ध, ८१). मनाची पीडा म्हणजे 'आधी', शरीराची म्हणजे 'व्याधी'. मन क्षुब्ध झालं की प्राण सम वाहत नाही. प्राण विषम झाला की नाड्यांची घडी विस्कटते. मग अन्न कुजीर्ण, अजीर्ण किंवा अतिजीर्ण होतं, म्हणजे भलतंच पचतं, पचत नाही किंवा फाजील पचतं, आणि त्यातून व्याधी. मनोमय, प्राणमय, अन्नमय, असा उतरता प्रवास.

बेंगळुरूच्या स्वामी विवेकानंद योग अनुसंधान संस्थानाची योगचिकित्सा याच साखळीवर उभी आहे: आधिज (मनाच्या पीडेतून आलेल्या) आणि अनाधिज (तशा न आलेल्या) व्याधी वेगळ्या काढायच्या आणि पाचही कोशांवर एकदम काम करायचं. म्हणून @आबोली, 'विकास' हा शब्द अगदीच परका नाही. जो थर भरून आहे तो बिघडूही शकतो, आणि बिघडतो तो सुधारूही शकतो.

वेदपाठी

अन्नमय, प्राणमय, मनोमयापर्यंत हे पटतं. आनंदमयाच्या बाबतीत मात्र 'विकास' शब्दाने घोटाळा होतो, कारण तो शेवटचा कोश की खुद्द ब्रह्म, इथेच आचार्यांचं एकमत नाही. हा वाद आपल्या गोव्यात दोन मठांच्या रूपाने शेजारी नांदतो.

ब्रह्मसूत्र १.१.१२ : 'आनन्दमयोऽभ्यासात्'. रामानुजाचार्य आणि मध्वाचार्य म्हणतात, आनंदमय म्हणजे परमात्माच. '-मय' प्रत्ययाचा अर्थ विकार नव्हे, विपुलता, आणि पुढचं सूत्र (१.१.१३) तेच सांगतं. माध्वांत तर पाचही रूपं विष्णूचीच: अन्नमय अनिरुद्ध, प्राणमय प्रद्युम्न, मनोमय संकर्षण, विज्ञानमय वासुदेव, आनंदमय नारायण. काणकोणातला पर्तगाळी मठ या परंपरेचा.

शंकराचार्य विचारतात की अन्नमयापासून चार वेळा 'मय' म्हणजे विकार धरला, मग पाचव्याच वेळी अर्थ का पालटायचा? शिवाय आनंदमयालाही अवयव आहेत: प्रिय डोकं, मोद उजवा पंख, प्रमोद डावा, आनंद धड, आणि 'ब्रह्म पुच्छं प्रतिष्ठा'. ज्याच्यावर तो टेकला आहे ते ब्रह्म. म्हणून आनंदमय हाही कोशच. कवळ्याचा गौडपादाचार्य मठ हा या अद्वैताचा.

एकाच घरातली सून एका मठाची आणि माहेर दुसऱ्या मठाचं असतं, तेव्हा पालकसभेत 'आनंदमय म्हणजे अमुकच' असं ठासून सांगू नका.

खाजन

हे फार मोलाचं. मोजे सोलल्यासारखं एकेक काढा असं म्हणणाऱ्यांना माध्व घरात उत्तरच मिळणार नाही, तिथे काढायचं काही नाहीच.

श्वासमोजणी

साधनेच्या बाजूने हा वाद व्यवहारात कुठे लागतो ते सांगतो. पाच कोशांचं ध्यान साधारण अर्ध्या तासाचं असतं. बैठक जमवून जमिनीला टेकलेली ठिकाणं तपासायची, ४-५ मिनिटं. मग श्वास न बदलता फक्त तो कुठे हलतो ते, ७-८ मिनिटं. मग उठणारे विचार आवडतं-नावडतं न करता ओळखायचे. चौथ्या टप्प्यात एक बारीक काम: लक्ष भरकटलं हे *कळतं* तो क्षण पकडायचा. कळणं आणि परत आणण्याचा निर्णय, हे विज्ञानमयाचं काम. इथपर्यंत लोक येतात.

पाचव्यात दोन चुका होतात. पहिली झोप. मान पुढे पडते, श्वास जाड होतो, आणि नंतर 'फार शांत वाटलं' असं सांगितलं जातं. कारण देह सुषुप्तीशी जोडलेला आहे, त्यामुळे सुख खरंच असतं, पण जाग नसते. दुसरी चूक जास्त चिवट. छान वाटलं की उद्या तेच परत मिळवायला बसायचं.

गौडपादांच्या कारिकेत (३.४४-४५) दोन्हीवर उपाय आहे. लय (झोपेत बुडणं) आला तर चित्ताला जागं करा, विखुरलं तर शांत करा, आतला मळ जाणून घ्या, समावर आलं तर हलवू नका. आणि लगेच: 'नास्वादयेत्सुखं तत्र', तिथल्या सुखाची चव घेत बसू नका. वेदान्तसार याच चार अडथळ्यांना लय, विक्षेप, कषाय, रसास्वाद म्हणतो. किनाऱ्यावर दहा दिवसांत 'आनंदमय कोश उघडून' देण्याची जाहिरात केली जाते, तेव्हा बहुधा चौथा अडथळाच शिकवला जात असतो. हे मनापासून वाईट वाटून लिहितो आहे, कारण शिकायला येणारी माणसं प्रामाणिक असतात.

लयावर उपाय साधा: डोळे अर्धे उघडा, कणा पुन्हा उभा करा, दहा श्वास मोजा. तरीही पेंग आली तर त्या दिवशी झोप पुरी करा, ध्यान नको.

सांजवात

आनंदाचं माप उपनिषदात (२.८) चक्क आकड्यांत आहे. तरुण, सदाचारी, शिकलेला, धडधाकट माणूस आणि धनधान्याने भरलेली सगळी पृथ्वी त्याची: हा एक मानवी आनंद. तिथून मनुष्यगंधर्व, देवगंधर्व, पितर असे दहा टप्पे, दर टप्प्याला शंभर पट. ब्रह्माच्या आनंदापर्यंत जाता जाता १ वर २० शून्यं. आणि मानवी पायरी सोडली तर प्रत्येक टप्प्यावर जोडलेलं आहे की तेवढाच आनंद 'अकामहत' श्रोत्रियाला, म्हणजे वासनेने न मारलेल्या जाणत्याला, इथेच मिळतो.

आबोली

देव बरें करूं सगळ्यांना. आता तक्त्यापुरतं विचारते. वर्तुळं गेली, नारळ गेला. मिठागर तोंडी सांगेन. चित्र काय काढू? आणि 'विकास की विवेक' एका वाक्यात कसं सांगू?

पारिजात

भृगुवल्लीची गोष्ट सांगा, मुलांनाही कळेल. भृगू वडिलांना, वरुणाला, विचारतो ब्रह्म काय. वरुण उत्तर हाती देत नाही, तपाने शोध म्हणतो. भृगू येऊन सांगतो, अन्न. पुन्हा जा. प्राण. पुन्हा जा. मन, विज्ञान, आनंद. प्रत्येक उत्तर मागे पडतं, हा विवेक. पण गोष्ट संपल्यावर लगेच व्रत सांगितलं आहे: 'अन्नं न निन्द्यात्', आणि पुढे 'अन्नं बहु कुर्वीत'. अन्नाला नावं ठेवू नका, अन्न भरपूर पिकवा. मागे सोडलेल्या थराची काळजी घ्यायची आहे, हा विकास. डब्यात भात टाकणाऱ्या मुलाला हे वाक्य पुरेल.

वेदपाठी

चित्र उपनिषदानेच दिलं आहे: पक्षी. पाचही ठिकाणी डोकं, दोन पंख, धड, शेपटी हेच पाच भाग येतात. यज्ञातल्या श्येनचितीची (ससाण्याच्या आकाराच्या वेदीची) मांडणीही अशीच असते. एकच मोठा पक्षी काढा आणि पाच रंग एकावर एक पातळ चढवा, प्रत्येक रंग पूर्ण पक्षीभर. 'तेनैष पूर्णः' डोळ्यांना दिसेल. जलरंग घ्या, पोस्टरचा जाड रंग खालचा झाकून टाकतो.

अन्नमयाच्या वेळी उपनिषद 'हेच डोकं, हा उजवा पंख' असं बोट दाखवून बोलतं. मुलांना स्वतःचं डोकं, उजवा हात, डावा हात, धड आणि कमरेखालचा भाग हात लावून दाखवायला सांगा.

उकडे तांदूळ

पंखांवर नावं घालताना सांभाळा. प्राणमयाला प्राण डोकं, व्यान दक्षिण पक्ष, अपान उत्तर पक्ष, आकाश धड, पृथ्वी शेपटी. 'उत्तर पक्ष' म्हणजे वरचा किंवा नंतरचा नव्हे, डावा. तोंड पूर्वेला केलं की उजवीकडे दक्षिण आणि डावीकडे उत्तर येते.

वेदपाठी

बरोबर. म्हणून पक्षी आपल्याकडे तोंड केलेला काढू नका, बाजू उलटतील. वरून दिसणारा काढा, डोकं वरच्या कडेला, शेपटी खाली. मग दक्षिण पक्ष बघणाऱ्याच्याही उजव्या हाताला येईल.